मॅडमचा माल

‘तो मॅडमचा माल आहे,’ एवढंच मी म्हणालो होतो. वाक्य खोटं नव्हतं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरी त्या वाक्याने एका बाईच्या बोलण्याची किंमत गेली, एका तलावाची जुनी वर्षं नालीत वाहून गेली आणि एका मोहल्ल्यातली जाळी खुंटीला लागली. चूक माझी. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे मी मॅडमबद्दल जिव्हाळ्याने लिहिणार आहे आणि वाचता वाचता तुम्हाला मी भला माणूस वाटू लागेन. तसं वाटू देऊ नका.

‘माल’ हा शब्द मॅडमचाच. गोंदियाच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या. पुस्तकात ज्याला नमुने म्हणतात त्याला त्या माल म्हणायच्या. सकाळी त्यांची लुना फाटकातून आत यायची. पुढे पायाशी दुधाची कॅन, मागे ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बरण्या, साडीचा काठ चिखलाने माखलेला, गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा. लुना बंद करायच्या आधीच ओरडायच्या, “माल आला रे! हात लावा कोणीतरी!” आम्ही पोरं धावायचो. मधल्या सुट्टीत ज्यांच्याकडे सगळ्या कॉलेजने टकामका पाहावं अशा एखाद्या बाई प्रत्येक कॉलेजात असतात. आमच्याकडे या होत्या.

बरणी हातात आली की त्या ती खिडकीच्या उजेडात धरायच्या, थोडी तिरपी करायच्या आणि नखाने काचेवर टिचकी मारायच्या. आतली मासोळी हलकेच फिरायची. “काय बाई, बरी आहेस ना?” असं तिला विचारून मगच बरणी फळीवर जायची. मेलेल्या मासोळीला रोज तब्येत विचारणारी दुसरी व्यक्ती मी पाहिली नाही.

मॅडम कामठ्याच्या, पोवारांच्या घरातल्या. धानाची शेती भावाकडे होती. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल कोणी विचारलंच तर “तलावाशी झालं,” म्हणायच्या. पोवार मंडळी पिढ्यांपूर्वी माळव्यातून इकडे आली. त्यावरून त्या एकदा वर्गात म्हणाल्या, “आमच्या लोकाईनं तिकडून येताना बंडीत काय काय आणलं असंल. बीज आणलं असंल, देव आणले असतील. एखादी मासोळी बाटलीत घालून आणली असती, तर आज पाहता तरी आलं असतं ना, तथचं पाणी कसं होतं ते!” आम्ही हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

त्यांनी एक तलाव धरला होता. दवनीवाड्याच्या अलीकडच्या एका गावचा जुना तलाव, धानाला पाणी देणारा. इटियाडोह धरणापर्यंत जाऊन आणलेल्या बरण्याही आमच्याकडे होत्या, पण जीव या तलावात. दर मोसमात त्या तिथे जायच्या. तिथे मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या डोंग्यात बसून फिरायच्या. मोठ्या मासोळीपेक्षा जाळ्याच्या तळाला राहणारी, विकायला कोणी नेत नाही अशी बारकी मासोळी उचलायच्या. ढिवर सोसायटीचा अध्यक्ष डोमाजी त्यांना चिडवायचा, “मॅडम, येवढुशी मासोळी नेऊन काय करता जी? एका घासाची नाही ते.”

“राहू दे,” मॅडम म्हणायच्या. “कोणाले तरी लागंल.”

“कोणाले लागंल जी?”

“मले काय माहीत? तो अजून पैदा नसंल झाला.”

हे ‘कोणाले तरी लागंल’ आम्ही त्यांच्यामागे त्यांच्या आवाजात म्हणायचो. तुटका खडू दिसला तरी म्हणायचो.

आता त्या मालातली भानगड सांगतो.

मासोळी टिकवायला फॉर्मॅलिन लागतं किंवा स्पिरिट. फॉर्मॅलिन कॉलेजात यायचं. स्पिरिटला परवाना लागे. तो एकदा संपला आणि त्यावर सही करायला पुढे कोणाला सवड झाली नाही. मॅडमचं फॉर्मॅलिनशी कधी जमलं नाही. “फार्मोलिनमधली मासोळी दगड होऊन जाते,” त्या म्हणायच्या. “दिसते छान, पण बोलत नाही. दारूतली मासोळी कधी ना कधी बोलते. माणसावानीच आहे ते.” म्हणून त्यांनी जंगलाच्या बाजूच्या एका गावात एक म्हातारी गाठली आणि तिच्याकडून मोहाची दारू आणायला लागल्या.

आणायला लागल्या असं मी सहज लिहून गेलो. आणायला मी जायचो. एम.एस्सी.ला होतो तेव्हा, मॅडमचा लाडका विद्यार्थी. लुनावर मी पुढे, मॅडम मागे, मध्ये दुधाची कॅन. म्हातारी दारू देताना मॅडमना म्हणायची, “बाई, येवढी कोण पिते व तुझ्या घरी?” मॅडम म्हणायच्या, “मासोळ्या पितात.” म्हातारीला ते कधी पटलं नाही. कॉलेजात आलो की मॅडम ती उकळून काचेच्या नळ्यांमधून पुन्हा एकदा चढवून घ्यायच्या. मग वाटीत थोडी ओतून काडी लावायच्या. निळी ज्योत आली की खूश. पिवळी भडकली किंवा विझली तर पुन्हा चढवायची. वाटीतली ती निळी ज्योत दिवसाउजेडी नीट दिसायचीही नाही. मॅडम तिच्यावर हाताचा तळवा धरून पाहायच्या आणि म्हणायच्या, “आहे. आत जळून राहिली.”

प्रत्येक बरणीत कागदाची चिठ्ठी असायची, बाहेर चिकटवलेली नव्हे, दारूतच बुडवलेली. तलावाचं नाव आणि महिना, पेन्सिलीने. शाई दारूत विरघळते, पेन्सिल राहते.

मी त्याच विभागात नोकरीला लागलो. मॅडम निवृत्त झाल्या आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसलो. त्या मात्र येतच राहिल्या. आतल्या खोलीत मोहाच्या दारूतल्या बरण्या, बाहेरच्या काचेच्या कपाटात फॉर्मॅलिनमधला दर्शनी माल: मोठा रोहू, साप, कासव, छापील नावांच्या पट्ट्या. मोहाच्या दारूला तिचा वास असतो, आंबट-गोड, गरम. झाकण कितीही घट्ट लावा, तो बाहेर येतोच. आतल्या खोलीत गेलं की भर दुपारी कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं वाटायचं. मॅडमना त्याचं काही नव्हतं. मला मात्र खुर्चीवर बसल्यापासून तो वास त्रास द्यायला लागला.

आणि मॅडमही तेव्हा वेगळ्याच गोष्टी बोलायला लागल्या होत्या. तलावावरून आल्या की हातपाय न धुता बसून राहायच्या. “पाणी चेहरा बदलून राहिलं रे,” म्हणायच्या. मी विचारायचो, म्हणजे काय? “माहीत नाही. बगळे काठावर उभे राहतात, चोच नाही घालत. काही तरी येऊन राहिलं.” मी विभागाची कागदपत्रं चाळत हं हं करायचो.

मग कॉलेजात मूल्यांकनाची समिती यायची ठरली. आदल्या दिवशी प्राचार्य सगळे विभाग पाहत फिरत होते. आमच्या आतल्या खोलीचं दार त्यांनी उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. आमचे प्राचार्य चिडले की हिंदीत बोलत.

“ये क्या है? दारू का गोदाम खोल रखा है क्या?”

मी म्हणालो, “तो मॅडमचा माल आहे, सर.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. “अच्छा. मॅडम का माल.” त्यांनी शिपायाकडे पाहिलं, शिपाईही हसला. “तभी मैं कहूं, रिटायर होके भी मॅडम रोज काहे को आती है.”

इथे मला आणखी एक वाक्य बोलायचं होतं. सर, हे पिण्याचं नाही, यात मासे आहेत. फळीवर मासे दिसत होते, वाकून पाहिलं असतं तर. पण मला वाटलं, आता विचारतील की ही आणली कोणी. बिनपरवान्याची दारू वर्षानुवर्षं लुनावरून वाहणारा विद्यार्थी आता विभागप्रमुख होता, आणि त्याच्या बढतीचा कागद याच प्राचार्यांच्या टेबलावर होता. मी हसलो. शिपायासारखाच हसलो.

“कल सुबह तक साफ,” प्राचार्य म्हणाले.

मी आणि शिपायाने बरण्या मागच्या नालीत रिकाम्या केल्या. बाहेरच्या कपाटातला फॉर्मॅलिनमधला माल ठेवला, तो दिसायला चांगला होता. दारू वाहून गेली, मासोळ्या नालीच्या काठाला साचल्या. चिठ्ठ्या पाण्यावर तरंगत गेल्या. पेन्सिलीचं अक्षर तसंच होतं, एका चिठ्ठीवरचा महिना मी वाहताना वाचला. मग गल्लीतली डुकरं आली आणि तलावाची सगळी वर्षं एका सकाळीत खाऊन गेली.

समिती खूश झाली. समिती गेल्यावर मॅडम आल्या. आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. रिकाम्या फळ्यांवर बरण्यांच्या बुडाचे गोल डाग तेवढे राहिले होते.

“माल?” त्या म्हणाल्या.

“वास येत होता, मॅडम. समिती होती. प्राचार्य…”

त्या मागच्या दाराने नालीपर्यंत गेल्या. वाकून वास घेतला. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता, तरी त्या म्हणाल्या, “डुकराईले चढली असंल मग.” मी हसलो नाही हे एक माझ्या बाजूने लिहून ठेवतो, तेवढंच आहे.

त्या स्टुलावर बसल्या. “नवीन मासोळी तलावात भेटते,” त्या म्हणाल्या. “जुनी मासोळी कोणत्या तलावात भेटते रे?”

मला ओरडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नवीन बरण्या घेऊन आल्या.

पण ते वाक्य कॉलेजातून बाहेर पडलं होतं. ‘मॅडमचा माल’ आधी स्टाफरूममध्ये आला, मग पानठेल्यावर, मग गावागावांत शिकवायला जाणाऱ्या मास्तरांबरोबर पार तलावापर्यंत. अशा गोष्टींना पाय कसे फुटतात हे तुम्हीही पाहिलं असेल. एकटी राहणारी बाई, लुनावर हिंडते, खर्रा खाते, ढिवरांच्या डोंग्यात बसते, जंगलाकडून कॅन भरून आणते. लोकांना नवीन काही जोडावं लागलं नाही. सगळं तयारच होतं, फक्त एक शब्द कमी होता, तो मी दिला होता.

त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, आणि हिवाळ्यात तलावाला ते लागलं.

पहिल्यांदा मरळ मासोळीच्या अंगावर लाल डाग दिसला. मग डागाच्या जागी खड्डा. मग सकाळी मासोळ्या पाण्याच्या वर येऊन आडव्या पडायला लागल्या, मरायच्या नाहीत, नुसत्या तोंड उघडून पडून राहायच्या. डोमाजीने मॅडमना फोन केला. मी गाडी काढली आणि मॅडमना घेऊन गेलो. काठावर बगळे होते, एकही पाण्यात उतरत नव्हता. उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी सोडायची वेळ होती, पण कालव्याचं दार कोणी उघडलं नव्हतं. गाव तलावापासून चार पावलं मागे सरकून उभं होतं. काठावर बाया कपडे धुवायला येत नव्हत्या. कोणाची म्हैस मेली होती, ती या पाण्याने मेली असं बोललं जात होतं. कोणाच्या पोराच्या पायावर फोड आले होते, ते पोर तलावात उतरलंच नव्हतं, तरी तलावाचं नाव निघत होतं.

आणि सगळी बोटं ढिवर मोहल्ल्याकडे होती. सोसायटीने आदल्या साली, आमच्या बरण्या नालीत जायच्या आधी, बाहेरून मत्स्यबीज आणलं होतं, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून. “त्याईच्या बीजानं तलाव बिमार केला,” गाव म्हणत होतं. ढिवरांना तलावातून काढा, इथपर्यंत गोष्ट आली होती. काढलं तर त्या मोहल्ल्याकडे दुसरं काही नव्हतं. धानाची बांधी नाही, बैल नाही, पाणीच होतं.

मॅडम काठावर गुडघे टेकून बसल्या. एक बारकी मासोळी तळहातावर घेतली. तिच्या शेपटाजवळ लाल ठिपका होता, मोहरीएवढा. त्यांनी ती तिरपी केली, बरणी करायच्या तशी.

“हे मी पाहिलं आहे,” त्या म्हणाल्या.

“कुठे, मॅडम?”

“माझ्या मालात. बीज यायच्या कितीतरी पह्यले. बारक्या मासोळीवर होता हा ठिपका. मले वाटलं काटा लागला असंल.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “डोमाजीचं बीज नाही हे. हे पाण्यातच होतं रे. बसून होतं.”

डोमाजी धावत जवळ आला. “मंग दाखवा ना जी मॅडम! तो माल दाखवा! गाव मानंल!”

मॅडमनी मासोळी बरणीत सोडली. मी झाकण पुढे केलं. डोमाजी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत राहिला.

मी धडपड केली. खरंच केली. एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत फोन लावला. एक तरुण मुलगी बोलली, हुशार आणि नम्र. आमच्या काचेच्या कपाटात त्या तलावातल्या काही मासोळ्या होत्या, फॉर्मॅलिनमधल्या. त्या पाठवू का, मी विचारलं.

“फॉर्मॅलिनमधून आम्हाला फारसं काही मिळत नाही, सर,” ती म्हणाली. “हा आजार तेव्हा होता की नाही ते बघायला जंतूचा अंश लागतो, तो त्यात मोडून जातो. अल्कोहोलमधल्या जुन्या मासोळ्या आहेत का? अगदी साधी दारू असली तरी चालेल.”

मी फोन हातात धरून उभा राहिलो. मॅडम ज्याची वाट पाहत होत्या तो माणूस पैदा झाला होता, शिकला होता, आणि फोनवर विचारत होता.

“सर? आहेत का?”

“होत्या,” मी म्हणालो.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या आवारात भरली. ढिवर मोहल्ला एका बाजूला उकिडवा बसला होता, बाकी गाव दुसऱ्या बाजूला. मी आणि मॅडम खुर्च्यांवर, पाहुणे म्हणून. मॅडम उभ्या राहिल्या. साडी धुतलेली होती, खर्रा थुंकून आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला.

“हा आजार नवीन नाही,” त्या म्हणाल्या. “बीज यायच्या आधीचा आहे. मी स्वतः पाहिला. माझ्या मालात होता.”

मागून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, मालात तर सगळंच दिसते!”

आवारात हसू फुटलं. एका माणसाने अंगठा तोंडाला लावून मान मागे टाकली. “आज किती घेतली जी?” दुसरा म्हणाला. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. ढिवरांपैकी कोणी हसलं नाही, पण त्यांनी माना खाली घातल्या.

मॅडमना आधी कळलंच नाही. त्या गोंधळून म्हणाल्या, “नाही, माल म्हणजे माझा माल, बरण्यातला,” आणि हसू आणखी वाढलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन म्हणून पाहिलं. मी विभागप्रमुख होतो, पुरुष होतो, माझा शब्द चालला असता. मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. बुटाला तलावाचा चिखल होता.

ठराव झाला. ढिवरांनी तलावात उतरायचं नाही.

परत येताना गाडीत मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. कापलेल्या धानाच्या बांध्या, मध्ये मध्ये पाणी. म्हणाल्या, “काऊन हासले रे ते?”

“गावचे लोक आहेत, मॅडम,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या तलावावर जायच्या थांबल्या नाहीत. डोंगा बंद होता म्हणून काठाने फिरायच्या. डागाची मासोळी, बिनडागाची मासोळी, बारकी, मोठी, सगळं आणून दारूत घालत होत्या. पण आता कॉलेजात येत नव्हत्या, कामठ्याच्या घरीच धानाच्या कोठीशेजारी बरण्या लावत होत्या. उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी भेटायला गेलो तेव्हा त्या बाजेवर होत्या. खोलीत तोच वास होता. मी तो ओळखला.

“वास येते ना?” त्या म्हणाल्या.

“नाही, मॅडम.”

“खोटं कायले बोलून राहिला? वास तर तुले पह्यल्या दिवसापासून माहीत होता. कॅन तूच धरून बसत होता.” त्या हसल्या, मग दम लागला म्हणून थांबल्या. “प्राचार्याईनं विचारलं तेव्हा काय सांगितलं होतं तू?”

त्यांना कोणी सांगितलं, कधी, मला माहीत नाही. कदाचित गाडीतून उतरल्यावर त्यांनी स्वतःच जोडून पाहिलं असेल. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, दोन बरण्या शेजारी ठेवून पाहणं.

“मॅडम, मी… माझं चुकलं. मी त्या दिवशी…”

त्यांनी हात वर केला. “मले नको सांगू. मी पीत नाही हे मले माहीत आहे. ज्याईले माहीत नाही त्याईले सांग.”

मग त्यांनी उशाजवळची एक बरणी घेतली, खिडकीकडे तिरपी केली, नखाने टिचकी मारली. आतली मासोळी फिरली. शेपटाजवळ लाल ठिपका. “ही घेऊन जाय. सगळ्याच घेऊन जाय. कोणाले तरी लागंल.”

पावसाळ्याच्या आधी त्या गेल्या. मी घाटावर होतो. पण त्यांनी सांगितलेलं काम केलं नव्हतं. या आठवड्यात जाऊ, ग्रामसभा कधी आहे ते विचारू, असं करत राहिलो. बरण्या आणून आतल्या खोलीत, त्याच गोल डागांवर ठेवल्या. पुन्हा वास यायला लागला. या वेळी प्राचार्यांनी विचारलं नाही, ते निवृत्त झाले होते.

आता पुढच्या तलावातही डाग दिसला आहे. तिथे कोणी बाहेरचं बीज टाकलं नव्हतं. त्याच्या पुढच्या तलावाकडे लोक रोज सकाळी जाऊन पाण्यावर काही आडवं पडलंय का ते बघतात आणि न बोलता परत येतात. माझ्याकडे डागाच्या मासोळ्यांच्या बरण्याच बरण्या आहेत. हे कुठपर्यंत आलं ते मी सांगू शकतो. कुठून सुरू झालं ते सांगणारी मासोळी डुकरांनी खाल्ली. प्रयोगशाळेतली ती मुलगी अधूनमधून फोन करते. एखादी तरी जुनी बरणी सापडली का, सर? मी दर वेळी सगळी कपाटं पुन्हा उघडतो. नाही सापडणार हे माहीत असून उघडतो.

मागच्या ग्रामसभेला मी गेलो. बरोबर एक बरणी नेली होती. ढिवर मोहल्ला त्याच बाजूला बसला होता, माणसं कमी झाली होती. काही पोरं कामाला दूर गेली होती. डोमाजी मागे भिंतीला टेकून होता. मी बोलायची परवानगी मागितली आणि उभा राहिलो. बरणीचं झाकण उघडलं तसा तो वास आवारात पसरला.

पुढच्या रांगेतून एक आवाज आला, “सर, आज तुमी घेऊन आले का जी?”

हसू उठलं. मी ते ओसरेपर्यंत उभा राहिलो. मॅडमनाही इथेच उभं राहावं लागलं होतं.

“हा मॅडमचा माल आहे,” मी म्हणालो. “मोहाची दारू आहे, आणि तिच्यात मासोळी आहे. तुमच्याच तलावातली. मॅडम दारू पीत नव्हत्या. ही दारू मासोळ्यांसाठी होती, आणि ती आणायला त्यांच्यासोबत मी जात होतो. बीज यायच्या आधीच्या मासोळ्या त्यांच्याकडे होत्या. त्या मासोळ्यांच्या अंगावर डाग होता असं मॅडमनी इथे सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात, कारण मॅडम पितात असं तुम्हाला वाटत होतं. तसं वाटायला सुरुवात माझ्यापासून झाली. आणि त्या मासोळ्या मीच नालीत फेकल्या. आज त्या असत्या तर दोष ढिवरांच्या बीजाचा होता की नाही, ते कळलं असतं. ते आता कधीच कळणार नाही.”

कोणी हसलं नाही. मी डोमाजीकडे वळलो. तो भिंतीपासून सरळ झाला होता.

“डोमाजी, तुमची साक्ष मी फेकली आणि मॅडमची साक्ष मी गप्प राहून मारली. मले माफ करा. मॅडमची माफी मागायला मी उशीर केला. म्हणून त्याईच्या वाट्याची माफीही अथीच मागतो, तुमच्या सगळ्यांसमोर.”